सोनूचा इंटरव्ह्यू आणि मोरपंखी साडी

मुलुंड पूर्व,
रविवार दुपार

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "सोनूच्या कपड्यांचं नीट कागदावर लिहून पाठव, फोनवरचं त्याच्या डोक्यात राहत नाही." म्हणून लिहायला बसलेय. पत्र मुद्दाम तुमच्या नावानं टाकतेय. मी सांगितलं की ती ताईची कटकट होते, बाबांनी वाचून दाखवलं की हुकूम होतो. इंटरव्ह्यू तेवीस तारखेला आहे, तोवर हाताशी बरेच दिवस आहेत.

आधी त्या सूटपीसचं. बाबा, शशीच्या लग्नात मानपानात आलेलं ते राखाडी सूटपीस तुम्ही इतकी वर्षं जपलंत, त्याचा पूर्ण सूट शिवायचा म्हणताय. नको. कोट ही शिवणकामातली सगळ्यात अवघड वस्तू. खांदा जरा चुकला की माणूस उसन्या कपड्यांतला दिसतो, आणि आपल्या बाजारपेठेतल्या टेलरनं शेवटचा कोट कधी शिवला असेल देव जाणे. शिवाय अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी जुलै महिन्यात कोट घालून आलेल्या मुलाकडे बघून आम्हा मुलाखत घेणाऱ्यांनाच घाम फुटतो. त्या कापडाची नुसती पँट शिवा. सव्वा मीटर पुरेल. राहिलेल्या कापडात तुमची एक पँट होईल, म्हणजे वाया गेलं असं वाटायला नको. माप देताना सोनूनं बूट घालून उभं राहावं. अनवाणी माप दिलं की पँट घोट्याच्या वर चढते.

शर्ट पांढरा किंवा फिकट निळा, पूर्ण बाहीचा. चमकणारं कापड नको. तयार घेतलात तर फक्त खांद्याची शिवण बघा, ती खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. कमर, बाही, लांबी टेलर आत घेतो, खांदा मात्र सहसा दुरुस्त होत नाही. पांढऱ्या शर्टाच्या आत सँडो बनियन नको, तिच्या पट्ट्या बाहेरून दिसतात आणि काखेतला घाम थेट शर्टाला लागतो. बाह्यांची बनियन घालू दे. मोजे काळे आणि लांब, म्हणजे खुर्चीत बसल्यावर मध्येच पाय उघडा पडत नाही.

आणि मुख्य गोष्ट. त्या दिवशी अंगावर काहीही कोरं नको. आई, तुला हे पटणार नाही, तुझ्या मते शुभकार्याला कोरं वस्त्रच हवं. पण नवा शर्ट मानेला टोचतो, नवा बूट चावतो, आणि समोरचा जीएसटीचं विचारत असताना याचं सगळं लक्ष टाचेवर. शर्ट एकदा धुऊन, घालून चार तास वावरू दे. बूट आठवडाभर घरात घालू दे. लोक हसले तर हसू देत.

इस्त्रीचं मी काही सांगत नाही. डेपोत जायच्या आदल्या रात्री खाकी पँट गादीखाली घालून, वर झोपून सकाळी सुरीसारखी क्रीज काढणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार? पितळी बिल्लासुद्धा तुम्ही रोज फडक्यानं पुसायचात. आम्ही तेव्हा हसायचो.

लावणी उरकली असेल ना? मग नखं. चिखलात राबलेली बोटं काळी असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कागद पुढे करताना समोरच्याची नजर आधी बोटांवरच जाते. चार दिवस आधीपासून लिंबाची फोड चोळू दे आणि नखं मुळापर्यंत कापू दे. केस इथे येऊन कापायचे नाहीत. इथल्या सलूनमधून तो कुठल्या डिझाइनचं डोकं घेऊन बाहेर येईल सांगता येत नाही. कपाळाला अंगारा लावायची सवय असेल तर लावू दे, हातातला गंडाही राहू दे. अत्तर मात्र नको. बंद एसी केबिनमध्ये अत्तर आणि ओल्या मोज्यांचा वास एकत्र झाला की आम्ही एकमेकांकडे बघतो.

तो आदल्या दिवशी सकाळी तुतारी एक्स्प्रेसनं दादरला उतरेल, मी घ्यायला जाईन. इंटरव्ह्यू बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मुलुंडहून कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षानं जाणं सोपं, निम्मी मुंबई तसंच जाते. पण पावसात रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी पाणी उडतं आणि इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत चॉकलेटी होते. म्हणून त्याला मी दादरला नेणार, पश्चिमेला चालत जाऊन भुयारी मेट्रो. शीतलादेवी, धारावी आणि मग बीकेसीच. डबा एसी आहे, तेवढ्या वेळात घाम सुकतो.

निघताना पायात रबरी चपला, बूट प्लास्टिकच्या पिशवीत. इथे पावसाळ्यात चांगल्या पगारदार लोकांच्या हातातही ही पिशवी दिसते, तेव्हा त्याला लाज वाटायचं कारण नाही. पोचल्यावर पाय पुसायचे, कोरडे मोजे, मग बूट. आदल्या दिवशीच दादर स्टेशनवर पॉलिशवाल्यापुढे दोन मिनिटं उभा करीन त्याला. ते पेटीवर ब्रश ठोकून पाय बदलायला सांगतात, ते त्याला माहीत असू दे, नाहीतर बावरेल. घडीची छत्री वॉचमनकडे ठेवायची, केबिनमध्ये ठिबकवत न्यायची नाही. सर्टिफिकेटं दोन प्लास्टिकांत, झेरॉक्स वेगळ्या.

बोलायचं म्हणाल तर एवढंच, सोनू मान खाली घालून बोलतो. मुलगा हुशार आहे, टॅली त्याला माझ्यापेक्षा बरं येतं, पण जमिनीला उत्तरं देतो. रोज संध्याकाळी बाबांनी त्याला समोर खुर्चीत बसवून दहा मिनिटं काहीही विचारावं. तिकिटाचा हिशेब विचारा, चालेल. इंग्रजी अडलं तर हिंदीत सांगायचं, येत नसेल तर "नाही येत" म्हणायचं. बॅग मांडीवर घेऊन बसायचं नाही. गेली चार वर्षं आमच्या ऑफिसात मुलाखत घेणाऱ्यांत मला बसवतात. कपडे चांगले म्हणून आम्ही कुणाला घेतल्याचं मला आठवत नाही. पण सारखी कॉलर ओढणारा, पदर चाचपणारा उमेदवार काय बोलला हे नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पदरावरून आठवलं असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे पत्र सुरू केल्यापासून तेच मनात आहे. आई, 2009 साली माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला तू तुझी मोरपंखी साडी दिली होतीस. त्याआधी मी साडी दोनदाच नेसले होते, दोन्ही वेळा कॉलेजच्या साडी डेला. आणि नेसून निघाले कुठे, तर सकाळच्या लेडीज डब्यात. सीएसटीला उतरताना पदर कुणाच्या तरी छत्रीच्या काडीत अडकला आणि टर्रकन फाटला, वीतभर. त्या गडबडीत निऱ्याही सुटल्या. मी प्लॅटफॉर्मवर दोन्ही हातांनी साडी धरून रडत उभी. एक बाई थांबल्या. हातात डब्याची पिशवी, वय तुझ्याएवढं. काही न विचारता मला खांबामागे नेलं, आपल्या मंगळसूत्रात अडकवलेल्या पिना काढून निऱ्या लावल्या, फाटलेला भाग आतल्या घडीत घेतला. "खाली बसताना सांभाळ गं," म्हणाल्या आणि गर्दीत गेल्या. त्यांच्या मंगळसूत्रात एकही पिन उरली नव्हती.

मी फोर्टातल्या त्या ऑफिसात गेले. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या आणि आपल्या हिशेबाचा मेळ घालणं विचारलं, जे मला झोपेत येत होतं. मी खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेले, हात सारखा खांद्यावर. काय उत्तर दिलं आठवत नाही. जागा आधीच भरली होती असं तुम्हाला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. बाबा दोन दिवस त्या कंपनीला नावं ठेवत होते, मी ऐकून घेतलं.

तू कधी साडीचं विचारलंस की मी "पुढच्या खेपेला आणते" म्हणायचे. एवढ्या वर्षांत तू विचारणंही सोडलंस. मावशीच्या लग्नात घेतलेली, तुझी एकुलती एक भारी साडी, तेव्हा तोंड उघडायचा धीर झाला नाही. मागच्या महिन्यात दादरला एका म्हाताऱ्या रफूवाल्याकडे दिली. तो म्हणाला, धागा जुना झालाय, रंग तंतोतंत जुळणार नाही. तरी बरं केलंय त्यानं.

गणपतीत येताना घेऊन येते. पदराच्या डाव्या बाजूला आहे, उजेडात धरलीस तर दिसेल.

तुमची,
बेबी

ता. क. सोनूबरोबर फणसाची साठं पाठवू नका. त्याची बॅग मला कोरडी आणि बिनवासाची हवी आहे. गणपतीत मी येईन तेव्हा न्यायला ठेवा.