आरोग्यमंत्री साहेब, व्हेंटिलेटर दिलेत, आता पेशंटची उंची मोजायचा आदेशही काढा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी सरकारी दवाखान्यात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. कोविडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात व्हेंटिलेटर आले, फोटो छापून आले, मशीन यायलाच हवी होती, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण आलेलं मशीन कुठल्या आकड्यावर चाललंय, म्हणजे दर श्वासाला किती हवा ढकलतंय, हे वरून कोणीच विचारत नाही, किती चालू किती बंद एवढंच विचारतात, आणि पेशंट वाचतो की जातो यातलं बरंचसं त्या आकड्यावर असतं.

व्हेंटिलेटर फुफ्फुस बरं करत नाही, ते बरं होईपर्यंत श्वास चालू ठेवतो, आणि हवा जास्त ढकलली तर तेच फुफ्फुस खराबही करतो. मोठा न्यूमोनिया किंवा सेप्सिस (अंगभर पसरलेलं गंभीर इन्फेक्शन) होऊन एआरडीएस, म्हणजे दोन्ही फुफ्फुसांना जबर सूज, झालेल्या पेशंटचं बरंचसं फुफ्फुस पाणी भरून बंद पडलेलं असतं, हवा जाते ती उरलेल्या थोड्या चांगल्या भागात. इटलीचे डॉक्टर गॅटिनोनी यांनी सीटी स्कॅन बघून त्याला बेबी लंग म्हटलं, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीत लहान पोराएवढंच फुफ्फुस कामाचं उरलेलं. त्यात धडधाकट माणसाएवढी हवा दर श्वासाला कोंबली की ते ताणतं, सूज वाढते, त्या सुजेचा परिणाम रक्तातून किडनीपर्यंत जातो, कधी फुफ्फुस फाटून छातीत हवा भरते आणि मध्यरात्री आयसीडी, म्हणजे ती हवा काढायची नळी, टाकायची धावपळ होते.

हे काही माझं मत नाही. अमेरिकेत अशाच 861 पेशंटवर अभ्यास झाला, 2000 साली छापून आला. एका गटाला दर श्वासाला किलोमागे 12 मिली हवा आणि दुसऱ्याला 6 मिली, बास, ना नवीन औषध ना नवीन मशीन. 12 वाल्यांत जवळपास 40 टक्के दगावले, 6 वाल्यांत 31. फरक एवढा स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवला.

आता यातलं किलो म्हणजे काट्यावरचं वजन नाही, उंचीवरून काढलेलं वजन, कारण माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. आपल्याकडची 150 सेंटीमीटर उंचीची बाई घ्या, तिचं हे वजन येतं साधारण 43 किलो, म्हणजे 6 मिलीने हवा झाली 260 मिली. मशीनवर जर 500 लावलेलं असेल, आणि असतं साहेब, तर तिला किलोमागे जवळपास 12 मिली चाललीय, 2000 सालीच घातक ठरलेला आकडा. सॅच्युरेशन 98 दिसतं, नातेवाईक खूश, राउंड पुढे सरकतो, कारण केसपेपरवर उंचीच लिहिलेली नाही.

मला सगळ्यात लागतं ते मण्यार चावलेल्या पोरांचं. शेतात, घरात जमिनीवर झोपलेली असतात, त्यांचं फुफ्फुस ठणठणीत असतं, फक्त श्वासाचे स्नायू लुळे पडलेले असतात. काही दिवस नीट श्वास दिला तर ती चालत घरी जातात. अशा चांगल्या फुफ्फुसालासुद्धा जास्त हवेने आणि ट्यूबमधून होणाऱ्या इन्फेक्शनने इजा होते. गावात लोक म्हणतात व्हेंटिलेटरवर टाकला म्हणजे संपला, ते ऐकून पोराच्या आईने माझा हात धरून ट्यूब टाकू देऊ नका म्हटलंय, तिला मी ठामपणे सांगते की मशीन लागणारच आहे, पण ते नीट चालवायची जबाबदारी मग आपली सगळ्यांची आहे ना.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक व्हेंटिलेटरला शिंप्याकडचा टेप आणि उंचीप्रमाणे हवेचा तक्ता लटकवा. पेशंट झोपलेला असतानाच डोक्यापासून टाचेपर्यंत मोजता येतं. दर शिफ्टला मशीनवरचं इन्स्पिरेटरी होल्डचं बटण दाबून, म्हणजे श्वास आत गेल्यावर क्षणभर थांबवून, प्लॅटो प्रेशर (फुफ्फुसात तेव्हा असलेला दाब) बघायचं, 30 च्या आत ठेवायचं, चार्टवर लिहायचं, सिस्टरला हे करता येतं, फक्त एकदा नीट शिकवा आणि शिकलेल्या सिस्टरची सहा महिन्यांत दुसऱ्या वॉर्डला बदली करू नका. मोठ्या देशांतही हे आपोआप होत नाही, 2016 मध्ये 50 देशांचा अभ्यास आला त्यात एआरडीएसच्या 40 टक्के पेशंटचंच प्लॅटो मोजलेलं निघालं.

आणि माणसं द्या साहेब. गंभीर एआरडीएसमध्ये दिवसाचे सोळा तास पालथं झोपवल्याने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले हे फ्रान्सच्या डॉक्टरांनी 2013 ला दाखवलंय, पण ट्यूब, सलाईन सांभाळत पेशंट पालथा करायला चार-पाच जण लागतात, रात्री ते आणायचे कुठून?

जिल्ह्यातून दर महिन्याला जो रिपोर्ट वर जातो त्यात व्हेंटिलेटर चालू/बंद याच्या शेजारी तीन रकाने वाढवा, उंची, दर श्वासाची हवा, प्लॅटो प्रेशर. एका परिपत्रकाचं काम आहे, पुढच्या महिन्यापासून होऊ शकतं.

आपली नम्र,
आयसीयूची एक स्टाफ नर्स