बेअरिंगचा नट आवळण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क बदलायला घेणार आहेस, तर चाकाच्या बेअरिंगची साफसफाई आणि ग्रीसही उरकून टाक. तुझ्या गाडीत हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि डिस्क एकच नग आहे; डिस्क निघाली की आतलं-बाहेरचं दोन्ही बेअरिंग हातात येणारच. (हल्लीच्या बहुतेक गाड्यांत बंद हब असतो. तो उघडत नाहीत, बिघडला की अख्खा बदलतात. तुझी जुनी, म्हणून हा उद्योग.)

नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नकोस, खाली स्टँड लाव. कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सोडलास की तारेनं वर बांध. ब्रेकच्या होजवर, म्हणजे रबरी नळीवर, लोंबकळत ठेवलास तर होज आतून खराब होतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

डस्ट कॅप, स्प्लिट पिन, नट, वॉशर काढून डिस्क जराशी ओढलीस की बाहेरचं बेअरिंग आपसूक पुढे येतं. आतलं सीलमागे असतं. सील खुशाल उचकटून काढ, वाकलं तरी चालेल, कारण ते परत वापरायचंच नाही. चार पैसे वाचवायला जुनंच सील ठोकणारे खूप पाहिलेत. मग ग्रीस गळून नव्या पॅडवर येतं आणि सगळ्या ब्रेकचं वाटोळं होतं.

बेअरिंग रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन कोरडं कर. हवेच्या झोतानं गरगर फिरवायची हौस नको, रोलर उडून डोळ्यात जायचा. मग चांगल्या उजेडात एकेक रोलर सावकाश फिरवत बघ. सारखी चमक हवी. बारीक खड्डे, निघालेले पापुद्रे किंवा तापून आलेली निळसर झाक दिसली की ते बाद. रेसवर, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यावर, नख फिरव. कुठं अडलं तर तीही गेली. बेअरिंग आणि रेस जोडीनंच बदलायची, एक नवं एक जुनं चालत नाही. नव्या डिस्कमध्ये रेस बसवून आली असेल तर ती तुझ्या बेअरिंगच्या नंबरशी जुळते का ते आधीच ताडून बघ. डिस्कला लावलेलं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं पुसायचं आहेच.

ग्रीस डिस्क ब्रेकच्या व्हील बेअरिंगसाठीचंच घे, जास्त उष्णता सोसणारं. जुन्यात नवं मिसळू नकोस. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत ओढ, रोलरांच्या फटीतून ग्रीस पलीकडं डोकावेपर्यंत. वरवर चोपडणं म्हणजे काहीच नाही. आतलं बेअरिंग आधी ठेव, मग नवं सील: सीलचा रबरी ओठ आतल्या बाजूला, ओठाला ग्रीसचं बोट, आणि सपाट ठोकळ्यानं चहूबाजूंनी सारखं बसव.

आता नट. इथं माणसं घाबरतात आणि चाक निघेल म्हणून करकचून आवळतात. या निमुळत्या रोलरच्या बेअरिंगला दाब सोसत नाही, थोडी मोकळीक लागते. डिस्क फिरवत फिरवत गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) नट आवळ, म्हणजे सगळं जागेवर बसेल. मग तो पूर्ण सैल कर आणि पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी लाव. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट किंचित मागं घे, पुढं नको. पिन नवीच घाल. चाचणी सोपी: डिस्क वर-खाली धरून हलव, जेमतेम जाणवेल इतकीच मोकळीक हवी. बहुतेक पुस्तकांत ती 0.025 ते 0.125 मिलिमीटर दिलेली असते.

चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळ. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दाबत राहा; आधी भसकन खाली जाईल, कडक होईपर्यंत गाडी हलवायची नाही. थोडं अंतर चालवून आलीस की डस्ट कॅपला हात लावून बघ. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर नट पुन्हा बघावा लागेल. डिस्कला मात्र हात लावू नकोस, ती तापलेलीच असते.

रेसवरच्या एखाद्या डागाबद्दल शंका आली तर फोटो पाठव.

तुझे,
बाबा