आवड आधी की जाण आधी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की 'आवडीचाच विषय घ्या, आवडीशिवाय प्रावीण्य येत नाही' हा सल्ला सगळीकडून ऐकू येतो. ग्रामीण भागात गणित शिकवून निवृत्त झालेला शिक्षक म्हणून या सल्ल्याचा उत्तरार्ध मला पटत नाही.

आमच्या वरूड तालुक्यात शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांमध्ये संत्र्याची कलमे बांधणारे कारागीर आहेत. जंबेरीच्या (लिंबूवर्गीय झाडाच्या) खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे त्या रोपाची, साल सुटते की नाही हे त्यांना हात लावताच कळते. मग उभी-आडवी चीर देऊन ते संत्र्याचा डोळा (कोंब) बसवतात आणि पट्टी आवळून पुढच्या खुंटाकडे वळतात. हे काम त्यांनी मजुरीसाठी धरले, आवडीसाठी नव्हे, तरी त्यांच्या प्रावीण्याविषयी कोणी शंका घेत नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही बर्लिनच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांनी एकट्याने करायचा सराव प्रगतीसाठी अत्यंत महत्त्वाचा मानला होता, पण सर्वांत आनंददायक मानला नव्हता.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण मात्र माझ्या म्हणण्याच्या आड येते आणि ते टाळणे योग्य होणार नाही. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ च्या सुमारास आपल्या धानात काही लोंबी वेगळ्या दिसल्या. त्यांचे बियाणे वेगळे राखून, वर्षानुवर्षे पेरून-निवडून त्यांनी 'एचएमटी' हे वाण सिद्ध केले. केवळ रोजच्या पोटापाण्याचा हिशेब करणाऱ्याने त्या लोंबी बाकीच्या धानाबरोबर मळून टाकल्या असत्या. ठाऊक असलेल्या वाटेच्या पुढे जायला अशी ओढ लागते, हे मी मान्य करतो. परंतु त्या लोंबी वेगळ्या आहेत हे दिसण्यासाठी धानाची जाण आधी असावी लागते.

ज्या शाळेतील प्रयोगशाळेचे कुलूप तपासणीपुरतेच उघडते (अशा शाळा आमच्याकडे कमी नाहीत), तेथील मुलीला रसायनशास्त्राची आवड आहे का, असे विचारून काय हाती लागणार? 'तिला आवड नाही' एवढे म्हटले की आम्ही शिक्षक मात्र सुटतो. तेव्हा आपल्या मार्गदर्शनपर सदरांतून मुलांच्या कलाबरोबरच, शाळेत त्यांना कोणते प्रयोग स्वतःच्या हाताने करायला मिळाले, याचीही विचारणा व्हावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. वरूड, जि. अमरावती