हेमाडपंती म्हणजे नेमकं काय?

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

गावच्या महादेवाच्या देवळापुढे फलक लावायचाय आणि त्यावर ‘हेमाडपंती, तेरावं शतक’ असं घालायचं ठरतंय, असं तू लिहिलंस. पहिला शब्द राहू दे, शतक मात्र आत्ताच खोडायला सांग.

हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजाच्या दफ्तराचा मुख्य. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांचा हा काळ, तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आणि अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात साल आहे शके 982, म्हणजे इ. स. 1060. शिलाहार राजांचं ते काम पंतांच्या दोनशे वर्षं आधीचं, तरी सर्रास हेमाडपंती म्हणवलं जातं. मोडी, बाजरी, दगडी देवळं, सगळंच लोकांनी पंतांच्या खात्यावर जमा केलं. पुढे इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांनी, म्हणजे जिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथांनी, हाच शब्द उचलून बिनचुन्याच्या जुन्या दगडी कामाला सरसकट लावला. त्यामुळे शब्दावरून ना कर्ता कळतो, ना काळ. कळते ती फक्त दगडांची जोडणी.

शिखराच्या घडणीला वेगळा शब्द आहे. अंबरनाथ आणि सिन्नरचा गोंदेश्वर ‘भूमिज’ आहेत: चार बाजूंना खालून वर गेलेले चार उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये लहान शिखरांच्या ओळी. तुमचं शिखर विटा-चुन्याचं असेल तर ते बहुधा नंतरचं. त्यावरून खालच्या दगडी भागाचं वय काढू नका.

आता जोडणी. सभामंडपात उभा राहून वर बघ. चार खांबांवर चार तुळया, त्यांचा चौक समज 12 फुटांचा. प्रत्येक कोपऱ्यात एक तिकोनी दगड तिरपा टाकला, त्याची टोकं तुळयांच्या मध्यावर टेकवली, की आत सुमारे साडेआठ फुटांचा, तिरका फिरलेला चौक उरतो. त्याच्याही कोपऱ्यांत तसेच दगड टाकले की 6 फुटांचा. मग वर एकच शिळा बसते, बहुतेकदा कमळ कोरलेली. बेसॉल्टचा घनफूट 80 किलोंच्या आसपास भरतो. वरचं ओझंच कोपऱ्यांतले दगड दाबून धरतं. जिथे सरकायची भीती, तिथे एका दगडात खाच आणि दुसऱ्यात तिच्यात बसणारी खुंटी. सगळी मदार पृष्ठभाग किती सपाट घडवलाय यावर. दगड दाब भरपूर सोसतो, ताण फारसा नाही, म्हणून तर खांब इतके जवळजवळ. तुळईला तडा जातो तो मधोमध, खालच्या अंगाने. टॉर्च घेऊन आधी तेच तपासा.

बाकी नासधूस कुठून होते म्हणशील, तर पिंपळापासून. सांध्यात रुजतो आणि मूळ जाडावलं की दगड ढकलतो. वरून छाटून उपयोग नाही, दुप्पट फुटतो. आणि जाड मूळ उपटायला गेलात तर दगडच हलेल. ते जाणकाराकडून जागच्या जागी मारून घ्यावं लागतं. दुसरा शत्रू सिमेंट, आणि मला तर तो पिंपळाहून वाईट वाटतो, कारण तो लोक हौसेनं आणतात. बेसॉल्टमधून पाणी फारसं झिरपत नाही, ते सांध्यांतून येतं-जातं. तिथे सिमेंट भरलं की आत शिरलेलं पाणी कोंडतं. शिवाय सांधा ताठ होतो आणि हालचाल झाली की कडा दगडाची उडते, सिमेंटची नव्हे. भरायचंच तर चुना, तोही वरच्या पाणी शिरणाऱ्या सांध्यांत. ऑइलपेंट आणि जोत्याभोवतीची फरशीही टाळा. फरशीने बाहेरची पातळी चढते आणि पावसाचं पाणी गाभाऱ्याकडे वळतं.

देऊळ संरक्षित यादीत आहे का, हे पुरातत्त्व विभागाकडे विचारल्याशिवाय एक दगडही हलवू नका. फलकावर एवढंच लिहा: ‘महादेव मंदिर. बिनचुन्याचे, हेमाडपंती पद्धतीचे दगडी बांधकाम.’ शिलालेख सापडून वाचला गेला तर साल त्याखाली घालता येईल, तेवढी जागा मोकळी ठेवा. फलक मात्र वेगळ्या खांबावर लावा, देवळाच्या भिंतीत खिळा नको.

तुझा,
विनायक