संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : कॅनबेराच्या बेपत्ता वैमानिकांच्या फायली उघडा

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : 1971 च्या युद्धात परत न आलेली कॅनबेरा विमाने आणि त्यांतली माणसे

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी हवाई दलातून निवृत्त झालेला सार्जंट. 1971 मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानांवर शस्त्रास्त्र विभागात कामाला होतो. त्या युद्धात आपली किती कॅनबेरा पडली, कुठे पडली आणि आतल्या माणसांचे पुढे काय झाले, याचे चौकशी अहवाल मी माहिती अधिकारात मागितले होते. गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयाचे उत्तर आले. दीड ओळ. ‘सदर माहिती जाहीर करता येत नाही.’ खाली सही, तीही न वाचता येणारी.

साहेब, जून 2021 मध्ये आपल्याच मंत्रालयाने धोरण जाहीर केले होते. युद्धांच्या नोंदी साधारणपणे 5 वर्षांत खुल्या करायच्या, 25 वर्षांहून जुने कागद तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवायचे. त्या बातमीचे कात्रण मी जपून ठेवले आहे, अर्जालाही त्याची प्रत जोडली होती. मग अर्धशतक उलटलेल्या कागदांत असे काय आहे की ते आजही दाखवता येत नाही? जी विमाने हवाई दलाने 2007 मध्येच निवृत्त केली, त्यांचे गुपित आता कोणापासून लपवायचे आहे?

ही फाईल का हवी ते सांगतो. आपल्याकडच्या बी-आय-58 जातीच्या कॅनबेरात दोघे असत. वैमानिक वर काचेच्या घुमटाखाली, मार्ग दाखवणारा नेव्हिगेटर पुढे नाकात. वैमानिकाला संकटात विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट होती. नेव्हिगेटरला नव्हती. विमान पेटले तर त्याने पॅराशूटसह दारापर्यंत सरपटत जायचे आणि बाहेर उडी टाकायची. रात्री, अगदी खालून उडणाऱ्या विमानात त्याला त्यासाठी किती सेकंद मिळत असतील? म्हणजे एकाच विमानातले दोघे, पण वैमानिक पॅराशूटने उतरून पकडला गेला आणि नेव्हिगेटर अवशेषांतच राहिला, असे सहज घडू शकते. म्हणून प्रत्येकाचे उत्तर वेगळे हवे. ‘विमान परतले नाही’ एवढे लिहून दोन आयुष्यांचा निकाल लागत नाही. युद्धात बेपत्ता झालेल्या आणि पाकिस्तानच्या कैदेत असल्याचे मानल्या गेलेल्या 54 जणांच्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट ससून आणि फ्लाइट लेफ्टनंट राम अडवाणी ही नावे आहेत. दोघेही कॅनबेरावरचे.

आता दुसऱ्या एका बॉम्बफेकी विमानाची गोष्ट ऐका. 25 जानेवारी 1944 रोजी अमेरिकेचे बी-24 लिबरेटर चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चबुआकडे येताना अरुणाचलच्या डोंगरात पडले. आत 8 जण होते. 2006 मध्ये विमानाचे अवशेष सापडले. अमेरिकेने त्या डोंगरावर माणसे पाठवायला आपली परवानगी मागितली. मध्ये काही वर्षे आपण काम अडवून धरले, तरी ते मागे हटले नाहीत. एप्रिल 2016 मध्ये दिल्लीहून तिथे मिळालेले मानवी अवशेष सन्मानाने मायदेशी रवाना झाले तेव्हा त्यांचे संरक्षणमंत्री जातीने हजर होते. त्यांतल्या लेफ्टनंट ऑक्सफर्डवर 2017 मध्ये जॉर्जियातल्या त्याच्या गावी अंत्यसंस्कार झाले. त्यांच्याकडे या कामासाठी स्वतंत्र संस्था आहे, 80 हजारांवर बेपत्ता सैनिकांची यादी आहे. 2021 पासून गांधीनगरचे आपले न्यायवैद्यक विद्यापीठ त्यांना या कामात मदत करते. आपली प्रयोगशाळा, आपले तज्ज्ञ, आपली जमीन, आणि शोध त्यांच्या माणसांचा! याचा मला राग नाही. त्यांची माणसे त्यांना मिळालीच पाहिजेत. आपली कोण शोधणार, एवढेच विचारतो.

विजय वसंत तांबे हे नाव आपण ऐकले असेल. सुखोई-7 हे लढाऊ विमान घेऊन गेलेला हा मराठी मुलगा 5 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानातल्या शोरकोटवर पडला. जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्याचे नाव त्याच दिवसांत पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्याची पत्नी दमयंती, बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती, अर्जुन पुरस्कार मिळवलेली बाई, 2007 मध्ये पाकिस्तानातले तुरुंग पाहून रिकाम्या हाताने परत आली. बेपत्ता मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना तर डिसेंबर 1974 मध्ये मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आली. सैन्याने ज्याला मृत ठरवले होते त्याची! आपण 93 हजार युद्धकैदी परत पाठवले, सिमल्यात सह्या केल्या आणि आपल्या पन्नासएक माणसांचा हिशेब मागायला विसरलो. 1979 मध्ये लोकसभेत 40 नावांची यादी ठेवली गेली, पुढे 54 झाली, आता सरकार 83 म्हणते. आकडा वाढतो, माणूस एकही येत नाही. 2011 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सांगितले की आंतरराष्ट्रीय न्यायालयात जा. तेव्हा केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2012 मध्ये स्थगिती घेऊन आले. शत्रूविरुद्ध जाण्याऐवजी आपल्याच विधवांविरुद्ध. विधवा तरी कसे म्हणू? तेही तुम्ही ठरवलेले नाही.

माझेही थोडे ऐका. कॅनबेराचे इंजिन काडतूस फोडून सुरू होते. कानाशी तोफ डागावी तसा आवाज आणि काळ्या धुराचा लोट. आम्ही शेजारी उभे, कानात कापसाचा बोळा. आज मला डाव्या कानाने काही ऐकू येत नाही. वैद्यकीय मंडळाने लिहिले, ‘वयोमानानुसार’. श्रवणयंत्राचे बिल कुठल्याशा टेबलावर पडून आहे. बायको हाका मारून थकते, नातवंडे फोनवर बोलायला कंटाळतात, लग्नकार्यात मी कोपऱ्यात बसतो. दर नोव्हेंबरला मी बँकेत जाऊन यंत्रावर अंगठा ठेवतो, कारण मी जिवंत आहे हे सरकारला दरवर्षी पटवावे लागते. माझ्या जिवंतपणाचा पुरावा वेळेत न मिळाल्यास पेन्शन थांबते. आणि ज्यांना सरकारने स्वतः सीमेपार धाडले, ते जिवंत की मेले याचा पुरावा द्यायची सरकारवर काहीच जबाबदारी नाही? हे कुठले राज्य? निवडणूक आली की चौकाचौकांत जवानांचे फलक, पुढाऱ्यांचे फोटो जवानांपेक्षा मोठे. पन्नासाव्या विजयवर्षात आमच्या शहरातल्या एका पुढाऱ्याने भर सभेत शब्द दिला होता की स्मारकावर बेपत्तांची नावे लागतील. स्मारकाला रंग लागला, दिवे लागले, त्यांच्या स्वतःच्या नावाची कोनशिला बसली. नावे नाहीत. विचारले तर म्हणतात, ‘शहीद नाहीत ना ते, नियमात बसत नाही.’ सरकारने ‘मृत’ म्हणायचे नाही, ‘कैदी’ म्हणूनही सोडवायचे नाही, आणि मग दोन्हींत बसत नाही म्हणून दगडावरही घ्यायचे नाही!

मी भाबडा नाही. त्यांतले बहुतेक आज हयात नसतील, हे मला कळते. पण कुठे पडले, कोणी पुरले, पकडले असल्यास कोणत्या तुरुंगात होते, हे कळायलाच हवे. मागणी साधी आहे. परत न आलेल्या प्रत्येक विमानाची फाईल खुली करा : तारीख, लक्ष्य, शेवटचा संदेश, चौकशीचा निष्कर्ष. विमाने जिथे पडली त्या जागांची माहिती पाकिस्तानकडे लेखी मागा आणि मागितल्याचे संसदेत सांगा. आणि सगळ्यांत आधी बेपत्तांच्या भावाबहिणींचे डीएनए नमुने घेऊन ठेवा. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ती गेली, तर उद्या एखाद्या शेतात हाडे सापडूनही कोणाची हे सांगणे अवघड होईल. या नमुन्यांना ना पाकिस्तानची परवानगी लागते, ना करार. एक परिपत्रक पुरे. ते कोणत्या तारखेला निघेल, एवढे तरी मला लेखी कळवा. दीड ओळीत कळवलेत तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त सार्जंट, भारतीय हवाई दल
पुणे