आधी अंदाज, मग बोट

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुमच्या बदलीच्या वेळी शाल-श्रीफळाच्या गडबडीत बोलायचं राहिलं, ते आज सगळ्यांसमोर लिहितो.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेला गावानं लोकवर्गणीतून टच पॅनल दिलं. त्यावर तुम्ही पेनड्राइव्हवरून ‘फेट’ (PhET) या विज्ञान शिकवणाऱ्या प्रकल्पाचं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन, म्हणजे सेल, तारा, बल्ब पडद्यावरच जोडून बघायची नक्कल, टाकून दिलंत. फाइल एकदा उतरवली की नेट लागत नाही, हे आमच्यासाठी फार मोलाचं. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प फुकट आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पण खरं शिकवलंत ते पॅनल बंद ठेवून. फळ्यावर एका सेलला एकापुढे एक असे दोन बल्ब काढलेत. “कोणता जास्त उजळेल? वहीत लिहा, कारणासकट. मगच पॅनलला बोट लावायचं.” बहुतेकांनी पहिला लिहिला. एका मुलीचं कारण होतं, मोटारीजवळच्या वाफ्याला पाणी जास्त, टोकाच्या वाफ्याला कमी. कपाशीला पाणी भरणाऱ्या घरातली लेक, तिला हेच सुचणार!

पॅनलवर दोन्ही बल्ब सारखेच लागले. “सर, दुसरा काबर कमी नई?” तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तारेतले निळे ठिपके बल्बाच्या आधी आणि नंतर कसे पळतात, एवढंच बघायला सांगितलंत. तिनं आधीचं वाक्य खोडून लिहिलं, “ठिपके बल्बात संपत नाहीत, पुढं जातात.” खर्च होते ती ऊर्जा, प्रवाह नव्हे; मोठ्यांचीही इथं गल्लत होते.

मग तुम्ही खरे सेल आणि टॉर्चचे बल्ब काढलेत, आणि त्यातला दुसरा बल्ब जरा मंदच लागला. वर्गात एकच कल्ला! तुम्ही गप्प. शेवटी पोरांनीच बल्बांच्या जागा बदलल्या. मंद होता तोच पहिल्या जागीही मंद राहिला. म्हणजे फरक जागेमुळे नव्हता, बल्बातच होता. चौथीच्या मुलांनी हे आपलं आपण ताडून पाहिलं, सर. तो तास मी विसरणार नाही.

आता वीज गेली तरी तास अडत नाही, अंदाज आणि कारणं वहीत चालूच राहतात. पुढचा पाठ सावलीचा आहे. मुलांच्या वह्या तुमच्याकडे पाठवतो, सवडीनं वाचून शेरा लिहा. मुलं वाट बघतील.

मनापासून आभार.

आपला,
चौथीचा वर्गशिक्षक