बंदी उठते तेव्हा उत्तर कोणी द्यायचे? ब्रिटनच्या तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय विज्ञान, नवोन्मेष व तंत्रज्ञान मंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

विषय: ‘ब्रिटन फर्स्ट’वरील समाजमाध्यम बंदी

सादर नमस्कार.

आम्ही ब्रिटनमध्ये राहणारे, ऑनलाइन द्वेषमजकूर तपासणारे मराठी भाषक.

‘ब्रिटन फर्स्ट’ या अतिउजव्या, मुस्लिमविरोधी संघटनेचे रस्त्यावरचे काम कॅमेऱ्यासाठीच असते. 2014 मध्ये ब्रॅडफर्ड, ग्लासगो, ल्यूटन इथल्या मशिदींत मूठभर माणसे घुसली, बायबल हातात कोंबले, चित्रण केले आणि निघून गेली. मशिदीत तो प्रसंग थोडक्याच लोकांनी पाहिला. फेसबुकवर मात्र संघटनेच्या पानाला पुढे 20 लाखांवर लाइक मिळाले. 29 नोव्हेंबर 2017 रोजी तर अमेरिकेच्या अध्यक्षांनीच तिच्या उपनेत्या जेडा फ्रॅन्सन यांचे तीन व्हिडिओ पुढे पाठवले. त्यांतल्या एकात ‘मुस्लिम स्थलांतरित’ कुबड्यांवरच्या डच मुलाला मारतो, असे लिहिले होते. मारणारा नेदरलँड्समध्येच जन्मला आणि वाढला, असा खुलासा डच दूतावासाला करावा लागला. खुलासा किती जणांपर्यंत पोहोचला असेल?

18 डिसेंबरला ट्विटरने संघटनेची खाती बंद केली. मार्च 2018 मध्ये संघटनेचे नेते पॉल गोल्डिंग आणि फ्रॅन्सन तुरुंगात गेले, त्याच महिन्यात 14 तारखेला फेसबुकनेही दार लावले. संघटना गॅब आणि टेलिग्राम या मंचांकडे वळली. पुढे ऑक्टोबर 2022 मध्ये ट्विटरचा मालक बदलला आणि तिथली खाती परतली. बंदी कंपनीची आणि माफीही कंपनीचीच. ज्यांच्या मशिदीत ही माणसे घुसली, त्यांना दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

पान काढले म्हणजे व्हिडिओ गेला, असे होत नाही. व्हिडिओचा डिजिटल ठसा, म्हणजे हॅश, घेऊन प्रती शोधतात. साधा हॅश फाइलमधला एक बिट बदलला तरी जुळत नाही. दिसण्यावर आधारलेला हॅश थोडाफार फरक सोसतो, पण चित्र आरशासारखे उलटे केले, कडेला चौकट लावली किंवा वेग वाढवला की तोही चकतो. म्हणून व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेमचे ठसे आणि आवाजाचा वेगळा ठसा, दोन्ही लागतात. तीच क्लिप बातमीतही असते, त्यामुळे जुळणी झाल्यावर माणसाने पाहिलेच पाहिजे. आणि काढण्याआधी मूळ फाइल, दुवा, खात्याचा क्रमांक व टाकल्याची वेळ जपली नाही, तर पोलिसांच्या हाती पुरावाच उरत नाही. ही चूक फार महागात पडते.

2023 च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याची बेकायदा मजकुराबाबतची कलमे मार्च 2025 पासून लागू आहेत. दंड 1.8 कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या 10 टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढा होऊ शकतो. पण द्वेष पसरवणारा, तरी बेकायदा न ठरणारा मजकूर प्रौढांपुढे ठेवायचा की नाही, हे कंपनीच्या अटींवरच सोडले आहे. त्यात कलम 17 मोठ्या मंचांना लोकशाहीच्या दृष्टीने महत्त्वाचा मजकूर जपायला सांगते, आणि ‘ब्रिटन फर्स्ट’ 2021 मध्ये पुन्हा नोंदणीकृत पक्ष झाला आहे. पक्षाची नोंदणी ही ढाल होता कामा नये.

आमची मागणी अशी: द्वेषासाठी बंद केलेले खाते कंपनीने पुन्हा उघडले, तर कोणता नियम बदलला, जुन्या क्लिपांचे काय केले आणि निर्णय कोणत्या पदावरच्या व्यक्तीने घेतला, हे 30 दिवसांत ऑफकॉम या नियामक संस्थेला लेखी कळवणे बंधनकारक करा, आणि ते उत्तर जनतेसाठी खुले ठेवा. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागणार असेल, तर ती याच अधिवेशनात मांडावी.

आपले नम्र,
ब्रिटनमधील मराठी मजकूर-तपासनीस